सहा आठवडे गप्प

बुधवार, ४ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार.

सगळ्यांत आधी उगवला तो खालच्या मजल्यावरचा घड्याळवाला. ज्यांना बोलावलं होतं त्यांचा पत्ता नाही, आणि हा आपला दारात उभा, आमचं स्वयंपाकघरातलं घड्याळ दुरुस्त करून काखेत घेऊन. तुमचे चिरंजीव, म्हणजे आमचे जावई, बटणं लावत लावत दार उघडायला धावले, त्यांना वाटलं त्या दोघी आल्या. म्हातारा आत आला, घड्याळ भिंतीवर लावलं, दोन पावलं मागे जाऊन बघितलं, सरळ केलं, परत मागे गेला. तेवढ्या वेळात एखाद्यानं लग्न लावून घेतलं असतं.

मग आल्या त्या दोघी. एक आपल्या मुंगीच्या बालवाडीची बाई. ती रोज फाटकाशी भेटते, हसते, मी पण हसते, आमचं तेवढंच. दुसरी नवी, उंच, हातात कप्प्याकप्प्यांची पिशवी. जी मुलं बोलत नाहीत त्यांना ही बोलतं करते, तेच तिचं काम, आणि त्याचा तिला पगार मिळतो. मी तिचं नाव बोलबाई ठेवलंय. मला आयुष्यभर जो तो गप्प बस म्हणत आला, आणि इथे एक बाई बोलायला लावून पोट भरते. क्षणभर वाटलं, आपण भलत्याच देशात जन्मलो.

तुम्हाला ठाऊकच आहे, आपली नात सव्वातीन वर्षांची झाली तरी एकदोन शब्दांपलीकडे जात नाही. बोलबाईनं टेबलावर चित्रांचे पत्ते मांडले आणि त्यांच्या भाषेत एकेक विचारायला लागली. मुंगी माझ्या मांडीवर, मान खाली, तोंडाला शिवण. बोटानं दाखवायची, बोलायची नाही. मग एका चित्रावर एकदम तोंड उघडलं. एकच शब्द, तोही त्यांच्या भाषेतला, पण कसा ठणकावून. मी टाळी वाजवणारच होते, इतक्यात लेकीच्या तोंडाकडे बघितलं. उतरलं होतं. बोलबाईनं कागदावर फुली मारली.

त्या गेल्यावर लेक म्हणाली, "आई, तिला साध्या गोष्टी उलट्या कळतात. घरात एक भाषा, बाहेर एक, म्हणून गोंधळ होतोय म्हणतात. सहा आठवडे घरात फक्त इथलीच भाषा बोलून बघायचं." जावई तर असे मान हलवत होते, जणू त्यांनीच हे आधी ठरवून ठेवलं होतं.

आता मला इथले किती शब्द येतात ते मोजा. हो, नाही, दूध, थंडी, आभार, आणि एक अख्खं वाक्य, "लिफ्ट बंद आहे." एवढ्यात मी नात वाढवायची. आणि सहा आठवड्यांनी फरक पडला नाही, तर घरात मराठी बोलणारं माणूसच नको, असं चाललंय. ते माणूस म्हणजे कोण हे तुम्ही हुशार आहात, ओळखालच. परतीचं तिकीट मार्चअखेरचं आहे. ते पुढे ढकलू म्हणत होते, आता कोणी म्हणत नाही.

फोनवर हे सांगता येत नाही. फोन टेबलावर उभा करून ठेवतात आणि सगळे समोर बसतात. पत्राला निदान दोनच डोळे.

वेलांट्या चुकल्या असतील तर लाल पेन्सिल घेऊ नका. मी चौथी शिकले आहे आणि तेवढ्यावर मी समाधानी आहे.

तुमची विहीण


शनिवार, १४ फेब्रुवारी

विहीणबाई, सप्रेम नमस्कार.

लाल पेन्सिल घेतली नाही. हाताशी होती, तरी घेतली नाही, याची नोंद असावी.

तुम्ही सहा आठवडे गप्प राहणार हे वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. लग्नाच्या बोलणीला तुम्ही आमच्याकडे आला होतात, तेव्हा आमचे हे आतल्या खोलीत येऊन मला म्हणाले होते, "मुलगी पसंत आहे, पण तिच्या आईला श्वास कधी घेते ते विचार." आज ते असते तर खास तुम्हाला बघायला तिकडे आले असते.

चेष्टा पुरे. त्या बाई सांगतात तसं करून बघा. त्या शिकलेल्या आहेत, रोज मुलं बघतात. नातीचं पुढे नुकसान व्हायला नको. वर्गात मागे पडलेलं मूल मी पुष्कळ वेळा पाहिलंय. ते आधी गप्प होतं, मग हट्टी होतं, मग कुणाला त्याची आठवणच राहत नाही. त्यामानानं तुमचं सहा आठवड्यांचं मौन स्वस्त आहे.

पण एक काम करा. एकतीस वर्षं मी पहिलीचा वर्ग घेतला. पोरं उगाच चुकत नाहीत. चूक कुठून तरी आलेली असते, बहुतेक घरातूनच. एका मुलानं सातच्या पुढे दहा लिहिलं होतं, चार दिवस. मग कळलं, ते राहायचे त्या इमारतीत आठ-नऊ नंबरच्या खोल्याच नव्हत्या. तेव्हा चित्र कोणतं होतं, काय विचारलं आणि मुंगी काय म्हणाली, हे लेकीकडून नीट विचारून कळवा. मला फुली नको, उत्तर हवं.

खाली छापखान्याचं यंत्र चालू आहे, टेबल हलतं, म्हणून माझंही अक्षर आज तुमच्यासारखं आलंय. रागावू नका. तुमच्या मांडीवर निदान ती बसते तरी. मला फोनवर तिचं कपाळ दिसतं फक्त.

आपली,
लाल पेन्सिलवाली


सोमवार, २३ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार.

तुमच्या ह्यांनी तसं विचारलं होतं? आणि तुम्ही अकरा वर्षं पोटात ठेवलंत? मोठ्या खोल विहीण आहात.

मी गप्प आहे. आज एकोणीस दिवस झाले. सकाळी लेक चष्म्याच्या दुकानात जाते, दिवसभर काचा घासून चौकटीत बसवते. जावई गोदामाच्या ऑफिसात. मुंगीला बालवाडीतून आणते ती मीच, आणि मग संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी आणि ते घड्याळ. मी तिला केस विंचरताना गोष्ट सांगायची ना, आता नुसती विंचरते. पहिले दोन दिवस तिला वाटलं मी रागावले. आपण होऊन खेळणी उचलून ठेवली. तिसऱ्या दिवशी बापाची टॉर्च घेऊन आली, माझ्या मांडीवर चढली, दोन बोटांनी माझं तोंड उघडलं आणि आत उजेड पाडून बघितलं. जीभ हलवून दाखवली, तेव्हा खाली उतरली. मग मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि तिथे थोडं बोलून घेतलं.

आता गंमत ऐका. घड्याळवाल्या म्हाताऱ्याला जावयांकडून कळलं की मी गप्प राहायला शिकतेय. तो रविवारी वर आला, म्हणाला, "आमच्याकडे चला, आम्ही तेच करतो." मला वाटलं काही दुकानाचं काम असेल. गेले तर एक मोठी खोली, चुना लावलेल्या भिंती, चारी बाजूंनी बाकं, आणि पंचवीसेक माणसं नुसती बसलेली. मूर्ती नाही, फोटो नाही, पुस्तक नाही, घंटा नाही. तासभर गप्प बसायचं. ज्याला आतून वाटेल त्यानं उभं राहून बोलायचं आणि परत बसायचं, कोणी उत्तर द्यायचं नाही. हाच त्यांचा देव. आपण देवासमोर उभं राहिलो की यादीच वाचायला लागतो, यांचा नुसता कान उघडा. मी जावयांना मध्ये घालून म्हाताऱ्याला विचारलं, काय ऐकू येतं हो एवढा वेळ? तो म्हणाला, "बहुतेक वेळा शेजाऱ्याचं पोट."

पहिल्या रविवारी मी पेंगले. कालच्या रविवारी काय झालं मलाच कळलं नाही, मी उभी राहिले आणि सगळं बोलले. मराठीतच, दुसरं काय येतं मला. मुंगीचं, टॉर्चचं, तिकिटाचं, सगळं. वर हेही म्हणाले की देवा, तू कान उघडे ठेवून बसतोस ते ठीक आहे, पण कधीतरी उलट उत्तर दे. कुणाला एक अक्षर कळलं नसेल. सगळे माना खाली घालून ऐकत होते. बसले तेव्हा शेजारच्या बाईनं माझा हात धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. मला लाज वाटली, पण मोकळंही वाटलं. बाहेर पडताना एक गृहस्थ जावयांना म्हणाला, फार वर्षांनी इथे कुणी एवढं मनापासून बोललं. जावयांनी त्याला मी काय बोलले ते सांगितलं नाही. पण घरी जिना चढताना माझी पिशवी त्यांनी घेतली.

आता तुमचा अभ्यास. मुंगी झोपल्यावर लेकीला हळूच विचारलं. ती आधी सांगेना, म्हणाली, "तुला कशाला त्रास." मग सांगितलं. चित्रात एक माणूस पाठमोरा, हातात बॅग, दार उघडून बाहेर चाललाय. बोलबाईनं विचारलं, हा काय करतोय? आपली मुंगी म्हणाली, "येतो." बाईनं तीनदा विचारलं, तिन्ही वेळा "येतो." मग दोन चित्रं शेजारी ठेवली, एक घरात येणारा, एक बाहेर जाणारा, आणि म्हणाली, जातो कोण ते दाखव. मुंगीनं मान हलवली, कोणीच नाही. म्हणून फुली. तीन वर्षांच्या मुलाला येणं-जाणं कळायला हवं म्हणतात.

वाचून तुम्हालाही वाईट वाटेल. मला आता खरंच भीती वाटायला लागलीय की पोरीच्या डोक्यात काही उलटं बसलंय, आणि ते माझ्या बडबडीनं बसलं. तसं असेल तर मी मुकाट्यानं परत येईन, बघा. बोलबाई १७ मार्चला पुन्हा यायची आहे.

तुमची विहीण


बुधवार, ४ मार्च

विहीणबाई,

नमस्कार शेवटी घालते, आधी ऐका. तुमचं पत्र मी उभ्यानं वाचलं आणि ते वाक्य आलं तेव्हा खाली बसले. मग एवढी हसले की छापखान्यातला माणूस वर विचारायला आला.

परवा फोनवरून उठून कामाला निघताना तुमची लेक मला काय म्हणाली? "येते हं, आई." कुठे येते? सात समुद्रांपलीकडे बसली आहे, तर कुठून येते? रोज सकाळी दुकानात निघताना ती दारात काय म्हणते? तुम्ही खाली कपडे धुवायच्या यंत्राकडे टोपली घेऊन निघता तेव्हा काय म्हणता? माझा मुलगा काय म्हणतो? तुम्ही माझ्या घरी इतक्यांदा आलात, कधी "जाते" म्हणून उठलात? लहानपणी माझ्या तोंडून एकदा "जाते" गेलं तर आजीनं मला उंबऱ्यावर बसवून तीनदा "येते" म्हणायला लावलं होतं. जाते म्हणायचं नाही, ते अभद्र. आपल्या कुणाला त्यात काही वेगळं वाटतसुद्धा नाही, इतकं ते अंगात मुरलंय. तुम्हाला स्वतः लिहूनसुद्धा कळलं नाही.

त्या पोरीनं जन्मल्यापासून बॅग घेऊन दाराबाहेर पडणारं प्रत्येक माणूस "येतो" म्हणतानाच ऐकलंय. तिला विचारलं, हा काय करतोय. तिनं बरोबर सांगितलं, आणि वर त्यांच्या भाषेत करून सांगितलं, म्हणजे एवढ्याशा डोक्यानं भाषांतरसुद्धा केलं. जातो कोण, तर कोणीच नाही. आपल्या घरातून कोणी जातच नाही. माझ्या वर्गात असती तर मी पैकीच्या पैकी दिले असते आणि मुख्याध्यापकांना बोलावून दाखवली असती.

हे पत्र लेकीला वाचून दाखवा. मोठ्यानं. तिनं बोलबाईंना समजावून सांगायचं. पोरगी उशिरा बोलते हे खरं आहे, ते नाकारू नका, त्यांची मदतही घ्या. पण गोंधळलेली नाही.

आता पुढचं लिहायला हात उठत नाही, पण लिहिते. घरात एकच भाषा ठेवा, हे माझ्या मुलाच्या डोक्यात मी भरवलं. दिवाळखोरीच म्हणा माझ्या शहाणपणाची. जानेवारीत फोनवर मी म्हणाले, "तुझ्या सासूबाई दिवसभर मराठीत बोलत असतील, पोर तिथल्या शाळेत मागे पडेल." शिक्षिका म्हणून म्हणाले असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर फोनवर मुंगी एकदा "आजी" म्हणाली, मी इकडून "ओ" दिली, आणि ती तुम्हाला हाक मारत होती. तेवढं पुरलं मला. मूल मागे पडू नये म्हणून नाही, तुम्ही पुढे जाऊ नये म्हणून बोलले.

रागावा. लाल पेन्सिल पाठवून देते, हवी तेवढी वापरा.

नमस्कार.
मुंगीची दुसरी आजी


बुधवार, १८ मार्च

विहीणबाई,

तुमचं पत्र शनिवारी आलं. लेकीला म्हटलं, वाच. ती ओट्याशी उभी राहून वाचत होती, "येते हं, आई" पाशी आली आणि जमिनीवरच बसली. हसते की रडते ते मला आधी कळेना, मग दोन्ही आहे हे कळलं. जावई बाहेरून आले, तर म्हणाली, "तुम्ही सकाळी निघताना काय म्हणालात?" ते म्हणाले, "येतो म्हणालो, का? उशीर झाला का मला?" त्यांना समजावता समजावता आमची भाजी करपली.

शेवटचं पान लेकीनं मनात वाचलं आणि मला घडी करून दिलं. जावयांना नाही दिलं. मी ते न्हाणीघरात नळ सोडून वाचलं. विहीणबाई, मला वाटायचं तुम्ही शाळेत होतात म्हणून तुम्हाला हेवा वाटतच नसेल. मीही एक सांगते, हिशेब सरळ होईल. फोनवर मुंगीचं कपाळच दिसतं ना तुम्हाला? ती माझ्या मांडीवर असते आणि मी तिला थोडी खाली धरते. आता वर धरीन. पण तुम्हाला माफ केलंय असं समजू नका. ते समोरासमोर बसून, सविस्तर, आणि मध्ये तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही. सहा आठवडे काय असतात ते तासाभरात कळेल.

तर शनिवारी मुंगीपुढे माझं तोंड उघडलं. मुंगी फरशीवर ठोकळे रचत होती. मी म्हटलं, "काय गं ढमे, केस विंचरायचे का?" तिनं वर बघितलं आणि आईला म्हणाली, "आजीचे सेल बदलले." तीन शब्द. सलग. लेक म्हणाली, परत म्हण. ती कशाला म्हणते, ती ठोकळ्यांत.

आणि काल बोलबाई आली, बालवाडीची बाई बरोबर. लेकीनं सगळं सांगितलं. बोलबाईचा चेहरा असा, की ऐकतेय पण पटत नाहीये. तेव्हा मी उठले. कोट घातला, टोपली घेतली, दार उघडलं आणि म्हटलं, "येते गं." आणि गेले. जिन्यावर उभी राहिले. आतून बोलबाईनं मुंगीला त्यांच्या भाषेत विचारलं, आजी काय करतेय? मुंगीनं उत्तर दिलं, तोच शब्द, ठणकावून. मग लेकीला बाहेर पाठवलं, मग जावयांना. जिन्यावर आम्ही तिघं कोट घालून उभे, आणि खालून घड्याळवाला विचारतोय की आग लागली आहे का.

आत आलो तर बोलबाई हसत होती. फार नाही, पण दात दिसले. फुली खोडली नाही तिनं, शेजारी काहीतरी बारीक अक्षरात लिहिलं, ओळीच्या ओळी. म्हणाली, मला हे माहीत नव्हतं, कुणी सांगितलंच नव्हतं. आता सगळे पत्ते ती पुन्हा घेणार, दोन्ही भाषांत, मराठीचे शब्दही मोजणार, आणि मी शेजारी बसायचं. बोलायला उशीर आहे, ते काम करावं लागेल, ते ती करील. तोवर घरात ज्याला जी भाषा येते ती त्यानं बोलावी, आणि आजीनं जरा जास्तच बोलावं. हे वाक्य मी लेकीकडून दोनदा भाषांतर करून घेतलं. जावयांना तिसऱ्यांदा करायला लावलं.

तिकिटाचं लेक म्हणाली, "आई, त्या पुन्हा येऊन जाऊ देत, मग बदलू." बदलू म्हणाली, बघू नाही म्हणाली. तुम्हाला फरक कळेल.

निघताना बोलबाईनं पिशवी उचलली आणि त्यांच्या भाषेत म्हणाली, "बरं, जाते मी." मुंगी पळत आली. तिचा कोट धरला. आणि त्यांच्याच भाषेत, लेकीनं मला नंतर सांगितलं, म्हणाली, "जाते नाही. येते म्हण." बाईनं पिशवी खाली ठेवली, वही काढली आणि दारातच उभ्यानं ते लिहून घेतलं. मुंगीनं कोट सोडला नाही. शेवटी बोलबाई माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, "येते." बालवाडीच्या बाईलाही म्हणावं लागलं, तिचा उच्चार जास्त बरा होता.

लेकीनं कॅलेंडरवर गोल केलाय. दोघी येणार आहेत पुढच्या बुधवारी, पंचवीस तारखेला, सकाळी साडेदहाला.

तुमची विहीण